ॲरेतली सर्वांत मोठी संख्या शोधायला जागा किती लागते? ओ(१) की ओ(एन)?

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी. डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम शिकायला घेतलंय. टाइम कॉम्प्लेक्सिटी बऱ्यापैकी कळली. लूप किती वेळा फिरतो ते बघायचं, लूपमध्ये लूप असेल तर गुणायचं, वगैरे. स्पेस कॉम्प्लेक्सिटीपाशी, म्हणजे प्रोग्रॅमला किती मेमरी लागते त्या हिशेबापाशी, मात्र गाडी अडली आहे.

अगदी साधा प्रोग्रॅम घ्या:

मोठी = यादी[०]
यादीतल्या प्रत्येक संख्येसाठी:
    संख्या > मोठी असेल तर: मोठी = संख्या
मोठी परत दे

एका पुस्तकात याला ओ(१) म्हटलंय, म्हणजे यादी कितीही मोठी असली तरी जागा ठरावीकच. एका व्हिडिओत ओ(एन), म्हणजे एनच्या पटीत वाढणारी, असं सांगितलं, कारण एन संख्यांचा ॲरे (ओळीने ठेवलेली यादी) मेमरीत असतोच ना. दोघंही तितक्याच ठामपणे सांगतात.

माझे प्रश्न दोन. पहिला, खुद्द ॲरेची जागा मोजायची की नाही? दुसरा, लूपमधलं 'संख्या' हे व्हेरिएबल प्रत्येक फेरीत नव्याने भरलं जातं. वेळ मोजताना आपण एन फेऱ्या मोजतो, मग जागा मोजताना ते व्हेरिएबल एकदाच का धरायचं?

मला नियम पाठ करायचा नाहीये, त्यामागचं कारण हवंय.

राघू

ओ(१). डोळे झाकून लिहा.

दुसरी_बाजू

मी डोळे उघडे ठेवून ओ(एन) लिहीन. ॲरे मेमरीत बसलाच नाही तर प्रोग्रॅम चालणार कुठे?

शून्य_निर्देशांक

रुमाल टाकून ठेवतो. दोन प्रतिसादांत दोन उत्तरं, धागा शंभरी गाठणार.

अर्धविराम

मृण्मयी, पुस्तक आणि व्हिडिओ दोन्ही बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत. व्हिडिओवाल्याने इनपुट धरून एकूण जागा मोजली. पुस्तकाने इनपुट सोडून अल्गोरिदमला वर किती लागते ते मोजलं. या दुसऱ्या मापाला ऑक्झिलरी स्पेस म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी नुसतं 'स्पेस कॉम्प्लेक्सिटी' म्हटलं तरी मनात हेच असतं.

आता कारण. समजा आपण इनपुट नेहमीच मोजायचं ठरवलं. मग सर्वांत मोठी संख्या शोधणं ओ(एन), बायनरी सर्च ओ(एन), ॲरे उलटा करणं ओ(एन), मर्ज सॉर्टही ओ(एन) आणि हीपसॉर्टही ओ(एन) (दोन्ही यादी क्रमाने लावायच्या पद्धती). सगळ्यांना एकच शिक्का! मर्ज सॉर्टला तेवढाच आणखी एक ॲरे लागतो आणि हीपसॉर्टला दोन-चार व्हेरिएबल्स पुरतात, हा सगळ्यात कामाचा फरकच या मापात दिसेनासा होतो. ज्या मापाने काहीच वेगळं ओळखता येत नाही ते माप घेऊन करायचं काय?

ही सोय मुलाखती घेणाऱ्यांनी काढलेली नाही. १९६५मध्ये स्टर्न्स, हार्टमॅनिस आणि लुईस यांनी मेमरीच्या मर्यादेवर काम केलं तेव्हा ट्युरिंग मशीनला (संगणकाच्या कागदावरच्या नमुन्याला) दोन टेप दिल्या. एकीवर इनपुट, ती फक्त वाचायची. दुसरी कच्च्या कामाची, आणि मोजायची ती फक्त दुसरी. असं केल्यावरच एनपेक्षा कमी जागेत काय काय होऊ शकतं हा प्रश्न विचारता येतो.

त्यातली 'फक्त वाचायची' ही अट लक्षात ठेव, पुढे लागेल.

मृण्मयी_के

@अर्धविराम, धन्यवाद! सगळ्यांना एकच शिक्का, हे एकदम पटलं. दुसऱ्या प्रश्नाचं काय?

सात_बारा

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण माझ्या मते या विषयाचं मर्म तिथेच आहे.

वेळ साठत जातो, जागा तशी साठत नाही. फळ्यावर एक गणित सोडवलं, पुसलं, तिथेच दुसरं सोडवलं. शंभर गणितं झाली तरी फळा एकच. पण शंभर गणितांना लागलेला वेळ शंभर गणितांचाच. म्हणून वेळेची आपण बेरीज करतो आणि जागेचा उच्चांक बघतो. प्रोग्रॅम चालू असताना ज्या क्षणी सर्वांत जास्त मेमरी अडकलेली असेल, त्या क्षणाचा आकडा म्हणजे स्पेस कॉम्प्लेक्सिटी.

तुमच्या लूपमध्ये कुठल्याही क्षणी थांबून बघा. 'मोठी' आहे, 'संख्या' आहे, आणि आत दडलेला एक इंडेक्स आहे. तीन गोष्टी. ॲरे १० संख्यांचा असो की १० लाखांचा, तीनच. म्हणून ओ(१).

मी नवीन मुलांना एकच सवय लावतो. कोडच्या एखाद्या ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, 'आत्ता काय काय जिवंत आहे?' सगळ्यात वाईट ओळ सापडली की उत्तर सापडलं.

मृण्मयी_के

अच्छा! म्हणजे 'एकूण किती वापरली' असं नाही, 'एका वेळी जास्तीत जास्त किती' असं. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

वाचनमात्र

वाखू (वाचनखूण) साठवली. 'आत्ता काय काय जिवंत आहे' हा प्रश्न फार आवडला.

जुना_कीबोर्ड

चर्चा चांगली चालली आहे, पण मृण्मयीताईंचा कोड फंक्शनमध्ये टाकला की एक मुद्दा आडवा येतो. ॲरे फंक्शनला पाठवताना त्याची प्रत होते का? हे भाषेवर अवलंबून आहे.

सीमध्ये ॲरे पाठवला की जातो तो फक्त पत्ता, ६४ बिटी मशीनवर ८ बाइट. जावा आणि पायथनमध्येही रेफरन्स जातो, प्रत होत नाही. पण सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टर (तिथली यादी) नुसता पॅरामीटर म्हणून घेतलात तर अख्ख्या व्हेक्टरची प्रत होते. तिथे & हे एक चिन्ह विसरलं की आतलं एक अक्षर न बदलता ओ(१)चं ओ(एन) होतं. गो भाषेत तर गंमतच आहे. ॲरे पाठवला तर प्रत, स्लाइस (ॲरेच्या तुकड्याकडे बोट दाखवणारा) पाठवला तर मूळचाच ॲरे.

त्यामुळे भाषा न सांगता नुसता अल्गोरिदम दाखवून 'जागा किती' विचारणाऱ्यांनी निदान प्रत होत नाही असं गृहीत धरलंय, एवढं तरी बोलावं.

राघू

@जुना_कीबोर्ड +१. & विसरल्याने टाइम लिमिट ओलांडलेली मंडळी इथे बरीच निघतील. रिकर्शनमध्ये (फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं तिथे) असं व्हेक्टर गेलं तर मग बघायलाच नको.

दुसरी_बाजू

माझा मुद्दा अजून तिथेच आहे. ऑक्झिलरी स्पेस ही अल्गोरिदमची तुलना करायला ठीक. पण सर्व्हरला ऑक्झिलरी कळत नाही, त्याला एकूण मेमरी कळते.

आमच्या टीमकडे एक रात्रीचा जॉब होता. ५ कोटी संख्यांची पायथन लिस्ट, तिच्यात नुसते पॉइंटरच (संख्यांचे पत्ते) ४०० एमबी, संख्यांचे ऑब्जेक्ट वेगळे. जॉब मधूनच बंद पडायचा. कोडमध्ये यादी क्रमाने लावायला सॉर्टेड वापरलं होतं. ते नवी लिस्ट देतं, म्हणजे आणखी ४०० एमबी पॉइंटर, आणि जुनी लिस्टही एका व्हेरिएबलने धरून ठेवलेली. लिस्टची स्वतःची सॉर्ट मेथड वापरली आणि जॉब सुरळीत झाला. कागदावर इनपुट धरून दोन्ही ओ(एन)च. आता सांगा, ओ(एन) म्हणून काय कळलं?

अर्धविराम

@दुसरी_बाजू, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने जातंय! एकूण जागा धरली तर दोन्ही ओ(एन) दिसतात, हे तुम्हीच लिहिलंत. 'इनपुटखेरीज किती' असं विचारलं असतं तर सॉर्टेडची जादाची प्रत लगेच डोळ्यांत भरली असती.

दुसरी_बाजू

हं. अर्धं मान्य. पण मग सॉर्ट मेथडची ऑक्झिलरी ओ(१) का?

सात_बारा

नाही, आणि हा सापळा चांगला आहे. पायथनची सॉर्ट मेथड त्याच लिस्टमध्ये उत्तर ठेवते, पण आत टिम पीटर्स यांचा २००२ सालचा टिमसॉर्ट आहे. तो तुकडे जोडताना तात्पुरती जागा घेतो, वाईटात वाईट साधारण एनच्या निम्मी. यादी आधीच क्रमाने असेल तर जवळपास काहीच घेत नाही. म्हणजे उत्तर त्याच जागी येतं म्हणून कामही तेवढ्याच जागेत झालं असं समजू नये. वाईटात वाईट स्थितीचं उत्तर ओ(एन).

उत्तर त्याच जागी आणि जादा जागा खरोखर ओ(१) असं हवं असेल तर हीपसॉर्ट. १९६४चा आहे, अजून तोड नाही.

वाचनमात्र

एक शंका. आम्हाला हीच सर्वांत मोठी संख्या रिकर्शनने काढायला सांगितली होती. पहिली संख्या आणि उरलेल्या यादीतली सर्वांत मोठी, यांतली मोठी ती परत द्यायची. यात तर एकही नवा ॲरे नाही. तरी उत्तर ओ(१) लिहिलं तर चूक दिलं.

कंसातला

चूक बरोबर दिलं. प्रत्येक कॉल आतल्या कॉलच्या उत्तराची वाट बघत थांबलेला असतो. सात_बारांची युक्ती लावा. सर्वांत आतल्या कॉलमध्ये बोट ठेवा आणि विचारा, आत्ता काय काय जिवंत आहे? बाहेरचे सगळेच्या सगळे कॉल! एन संख्या, तर स्टॅकवर (थांबलेल्या कॉल्सच्या चळतीवर) एन फ्रेम्स, प्रत्येक कॉलची एक. ओ(एन). कोडमध्ये ॲरे दिसला नाही तरी जागा गेलीच.

पण खरी गोम पुढे आहे. 'उरलेली यादी' कशी पाठवली होतीत? पायथनमध्ये यादी[१:] असं?

वाचनमात्र

हो, तसंच.

कंसातला

मग ते ओ(एन)ही नाही, ओ(एन²) आहे. लिहूनच दाखवतो. यादी [७, २, ९, ४] घ्या. पायथनमध्ये लिस्टचा स्लाइस म्हणजे नवी लिस्ट. सर्वांत आत पोचल्यावर मेमरीत हे सगळं एकाच वेळी असतं:

[७, २, ९, ४]  ← मूळ
[२, ९, ४]
[९, ४]
[४]

मूळ सोडून ३ + २ + १ = ६ खाने. एकही तुकडा सुटलेला नाही, कारण प्रत्येकाला त्याच्या फ्रेमने धरून ठेवलंय. एन संख्यांसाठी एन(एन − १)/२ खाने. रिकर्शनची मर्यादा वाढवून एन १०,००० केला तर जवळपास ५ कोटी खाने, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ४०० एमबी. आणि मूळ यादीतले पॉइंटर किती? ८० केबी!

एक संख्या शोधायला ८० केबीच्या यादीवर ४०० एमबी. म्हणून मी म्हणतो, रिकर्शनमध्ये तुकडे पाठवू नका, इंडेक्स पाठवा. तोच ॲरे, आणि 'इथून पुढे बघ' एवढा एक आकडा.

वाचनमात्र

बाप रे. पहिल्यांदाच दिसलं हे.

शून्य_निर्देशांक

@कंसातला, सुंदर. पण मग मर्ज सॉर्टमध्येही आपण यादी दोन तुकड्यांत कापतो. तिथेही स्लाइस आहेत, तिथेही रिकर्शन. ते एन² का होत नाही? आमच्या नोट्समध्ये तर ओ(एन लॉग एन) लिहिलंय, प्रत्येक पातळीवर एन खाने आणि लॉग एन (एन जितक्या वेळा निम्मा करता येतो तितक्या) पातळ्या.

कंसातला

नोट्समध्ये वेळेचा हिशेब जागेला लावलाय. प्रत्येक पातळीवर मिळून एन खाने हे खरं, पण त्या पातळीवरचे सगळे तुकडे एकाच वेळी जिवंत नसतात. डावा अर्धा भाग पूर्ण संपतो, त्याच्या पोटातले तुकडे सुटतात, मग उजवा सुरू होतो. कुठल्याही क्षणी रिकर्शनच्या एकाच वाटेवर आपण उभे असतो, आणि त्या वाटेवर तुकडे निम्मे-निम्मे होत जातात. एन/२, एन/४, एन/८... सगळे मिळून एनच्या आत. सोबत आधीच लागलेला डावा भाग धरून ठेवलेला असतो, त्यांचीही बेरीज तशीच एनच्या आत. म्हणून ओ(एन).

१० लाख संख्या असतील तर लॉग एन साधारण २०. मर्ज सॉर्ट चालून संपेपर्यंत एकूण २ कोटी खाने भरले जातील, पण एका वेळी अडकलेले खाने १० लाखाच्या दुप्पट-तिप्पट इतकेच.

आणि वरच्या रिकर्शनमध्ये एन² का झालं? तिथे तुकडा निम्मा होत नव्हता, एकेकाने कमी होत होता. स्लाइस घेणं दोन्हीकडे सारखंच. सर्वांत मोठी संख्या काढतानाही यादी मधोमध कापली तर स्लाइस घेऊनसुद्धा जादा जागा ओ(एन)मध्येच राहते. इंडेक्स पाठवले तर ओ(लॉग एन). नुसता लूप लावला तर ओ(१).

शून्य_निर्देशांक

आता डोक्यात शिरलं. नोट्स दुरुस्त करतो आणि वर्गाच्या ग्रुपवरही टाकतो.

राघू

क्विक सॉर्टचंही कुणीतरी सांगा. ते तर इन-प्लेस ना? मग ओ(लॉग एन) का लिहितात?

सात_बारा

@राघू, संख्यांची अदलाबदल त्याच ॲरेत होते, पण कॉल स्टॅक आहे ना. पिव्होट (जिच्याशी तुलना करून ॲरेचे दोन भाग पाडतात ती संख्या) म्हणून नेहमी पहिली संख्या घेतली आणि यादी आधीच क्रमाने असली तर रिकर्शन एनइतकं खोल जातं, म्हणजे ओ(एन) जागा. उपाय सोपा आहे. दोन भागांपैकी लहान भागावर रिकर्शन करायचं आणि मोठा भाग लूपने पुढे न्यायचा. लहान भाग निम्म्याहून मोठा असूच शकत नाही, म्हणून खोली लॉग एनच्या वर जात नाही. पिव्होट कितीही वाईट पडला तरी. वेळ तेव्हाही एन²च, पण स्टॅक तरी फुटत नाही.

दुसरी_बाजू

अवांतर: टेल कॉलचा विषय निघणारच, म्हणून आधीच लिहितो. शेवटचं काम फक्त कॉल एवढंच असेल तर काही कंपायलर फ्रेम पुन्हा वापरतात. स्कीम भाषेत ते बंधनकारकच आहे, सीचे कंपायलर ऑप्टिमायझेशन चालू असताना बऱ्याचदा करतात, पायथन करत नाही. म्हणजे तोच अल्गोरिदम एका ठिकाणी ओ(१) आणि दुसरीकडे ओ(एन). माझं म्हणणं हेच की जागा हा यंत्राशी बांधलेला विषय आहे, नुसता कागदावरचा नाही.

जुना_कीबोर्ड

@दुसरी_बाजू, इथे मी तुमच्या बाजूचा. जावाचंच घ्या. स्ट्रिंगचा सबस्ट्रिंग पूर्वी मूळच्याच अक्षरांच्या ॲरेकडे बोट दाखवायचा, म्हणजे ओ(१). त्यातून वेगळाच त्रास. दहा अक्षरांचा तुकडा ठेवला तरी मागे अख्खी मोठी स्ट्रिंग अडकून पडायची. जावा ७च्या सहाव्या अपडेटपासून प्रत होऊ लागली. तीच मेथड, तेच नाव, पण जागेचं उत्तर बदललं.

मृण्मयी_के

वाचतेय सगळं, वहीत उतरवून घेतेय. अर्धविरामदादा, 'फक्त वाचायची' ही अट पुढे लागेल म्हणाला होतात, ती अजून आली नाही.

अर्धविराम

बरं झालं आठवण केलीस. हा प्रश्न बघ. ॲरेत एन संख्या आहेत, सगळ्या १ ते एनच्या दरम्यान. कोणत्या संख्या पुन्हा आल्या आहेत ते शोधायचं.

सरळ मार्ग म्हणजे बघितलेल्या संख्या एका सेटमध्ये टाकत जायचं. जादा जागा ओ(एन).

दुसरी युक्ती अनेक ठिकाणी ओ(१) म्हणून शिकवतात. संख्या ५ दिसली की पाचव्या जागेवरची संख्या ऋण करायची. पुन्हा ५ दिसली आणि ती जागा आधीच ऋण असेल, तर ५ दुसऱ्यांदा आली. नवा ॲरे नाही, सेट नाही.

माझं मत विचारशील तर हे ओ(१) नाही. प्रत्येक खान्यातला चिन्हाचा बिट रिकामा पडला होता, तो आपण वहीसारखा वापरला. एन खाने, एन बिट. जागा वापरलीच, फक्त इनपुटच्या पोटात लपवली. इनपुट फक्त वाचायचं असं बंधन घातलं की ही युक्ती तिथेच थांबते.

कंसातला

@अर्धविराम, इथे तीव्र असहमत. चिन्हाचा बिट तिथे होताच, नव्याने काहीही मागितलं नाही. ऑक्झिलरी म्हणजे इनपुटखेरीज जादा मागितलेली जागा, ही तुमचीच व्याख्या. तिच्याप्रमाणे हे ओ(१). हीपसॉर्टही इनपुट बदलतोच, त्याला तुम्ही ओ(१) म्हणता!

अर्धविराम

हीपसॉर्टमध्ये इनपुट बदलणं हेच काम आहे, क्रमाने लावलेला ॲरे हेच उत्तर. इथे विचारलं होतं फक्त 'कोणत्या संख्या पुन्हा आल्या'. ज्याने ॲरे दिला त्याला तो परत जसाच्या तसा हवा असणार.

कंसातला

शेवटी एक फेरी मारून सगळ्या संख्या धन करायच्या. झालं जसंच्या तसं.

अर्धविराम

आणि त्या दरम्यान दुसरा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग) तोच ॲरे वाचत असेल तर?

कंसातला

तर त्याने लॉक घ्यावा. :) पण मुद्दा कळला. मुलाखतीत मी 'जादा जागा ओ(१), पण इनपुट तात्पुरतं बदलतो' असं पूर्ण वाक्य सांगेन. एवढ्यावर मिटवू?

अर्धविराम

मिटलं. 'इनपुट बदलतो' हे शब्द आले की माझी तक्रार नाही.

सात_बारा

दोघांनी मिटवलंत, तर थोडी भर घालतो. इनपुटला हात न लावता ओ(१) जागेत जमणारे प्रश्नही आहेत. निम्म्याहून जास्त वेळा आलेली संख्या शोधायला बॉयर आणि मूर यांची १९८१ची मतमोजणी बघा. एक उमेदवार, एक मोजणी, बस. तोच उमेदवार दिसला तर एक वाढवा, दुसरा दिसला तर एक कमी करा, शून्य झालं की पुढच्याला उमेदवार करा. मग दुसऱ्या फेरीत तो खरोखर निम्म्याहून जास्त वेळा आहे का ते मोजा. दोन व्हेरिएबल्स आणि ॲरेच्या दोन फेऱ्या. मला हा अल्गोरिदम आजही मनापासून आवडतो.

वाचनमात्र

आणि अक्षरं मोजायला २६ खान्यांचा ॲरे घेतला तर? तो ओ(१) की ओ(एन)?

राघू

ओ(१). स्ट्रिंग कितीही लांब असो, खाने २६च. सेट वापरला तरी त्यात २६पेक्षा जास्त अक्षरं शिरत नाहीत. मात्र अक्षरसंच किती मोठा ते ठरलेलं नसेल तर ओ(के) लिहा, के म्हणजे वेगवेगळी अक्षरं किती ते.

दुसरी_बाजू

धागा बराच फिरून आला, आता मूळ प्रश्नावर एक सांगतो. सर्वांत मोठी संख्या शोधायला ॲरे मेमरीत असायची गरजच नाही. फाइलमधून एकेक संख्या वाचा, मोठी असेल तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. तेव्हा एकूण जागासुद्धा ओ(१). म्हणजे माझ्या मोजपट्टीनेही उत्तर ओ(१) येऊ शकतं, फक्त ॲरेचा हट्ट सोडायला हवा. हे लिहिताना मला ऑक्झिलरीवाल्यांचं म्हणणं आधीपेक्षा जास्त पटतंय. ॲरे ही प्रश्नाने दिलेली गोष्ट आहे, अल्गोरिदमची गरज नव्हे.

अर्धविराम

@दुसरी_बाजू, हा या धाग्यातला सर्वांत चांगला मुद्दा. आणि सगळ्याच प्रश्नांना हे जमत नाही. त्याच संख्यांचा मध्यक काढायचा म्हटलं आणि फाइल एकदाच वाचायची परवानगी असली, तर अचूक उत्तरासाठी एनच्या पटीत जागा लागतेच. मन्रो आणि पॅटरसन यांनी १९८०मध्ये हे दाखवलं. फाइल जास्त वेळा वाचू दिली की लागणारी जागा झपाट्याने कमी होते. सर्वांत मोठी आणि मधली, ऐकायला दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण लक्षात किती ठेवावं लागतं यात केवढं अंतर!

मृण्मयी_के

आता मी एक करून बघते, तपासा. ॲरे के जागांनी उजवीकडे फिरवायचा. [१, २, ३, ४, ५, ६, ७] आणि के = ३.

पद्धत अ: पायथनमध्ये शेवटचे ३ आणि पहिले ४ असे दोन स्लाइस घेऊन जोडले. जिवंत काय? दोन स्लाइस मिळून एन खाने, आणि जोडून झालेली नवी यादी आणखी एन. म्हणजे उच्चांक २एन, उत्तर ओ(एन).

पद्धत ब: आधी सगळा उलटा: ७, ६, ५, ४, ३, २, १. मग पहिले तीन उलटे: ५, ६, ७. मग उरलेले चार उलटे: १, २, ३, ४. आला ५, ६, ७, १, २, ३, ४. दोन इंडेक्स आणि अदलाबदलीचं एक तात्पुरतं व्हेरिएबल, म्हणून ओ(१). आणि हो, इनपुट बदलतं, पण इथे इनपुट बदलणं हेच काम आहे.

सात_बारा

शंभर टक्के बरोबर. २एनपर्यंत पोचलीस, तिथे भलेभले एनवर थांबतात.

कंसातला

छान! फक्त पद्धत ब पायथनमध्ये लिहिताना तुकडा उलटा करायला [::-१] वापरू नकोस. यादी[:] = यादी[::-१] ही ओळ त्याच यादीत बदल करते खरी, पण उजवीकडे आधी अख्खी उलटी प्रत तयार होते. ओ(एन) झालं. यादीची रिव्हर्स मेथड किंवा हाताने अदलाबदल, म्हणजे ओ(१).

मृण्मयी_के

हे सगळं प्रत्यक्ष मोजून बघता येतं का? वहीतले आकडे मशीनशी जुळतात का ते बघायचंय.

जुना_कीबोर्ड

येतं की. पायथनमध्ये ट्रेसमॅलॉक नावाचं मॉड्यूल ३.४पासून सोबतच येतं. ते सद्य मेमरी आणि उच्चांक असे दोन आकडे देतं, तुला उच्चांक हवाय. यादी आधी तयार कर, मग ट्रेसमॅलॉक सुरू कर, मग फंक्शन चालव. सुरू केल्यानंतर मागितलेलीच मेमरी ते मोजतं, त्यामुळे इनपुट आपोआप बाहेर राहतं आणि हातात येते ती ऑक्झिलरी.

एकच एन घेऊन काही कळणार नाही. एन दुप्पट करत जा. उच्चांक जागचा हलला नाही तर ओ(१), दुप्पट झाला तर ओ(एन), चौपट झाला तर ओ(एन²). वाचनमात्रांचं स्लाइसवालं रिकर्शन १०००, २००० आणि ४००० संख्यांवर चालव. हिशेबाने साधारण ४, १६ आणि ६४ एमबी यायला हवेत, वर थोडं इकडेतिकडे.

वाचनमात्र

मीही करून बघतो. १०००लाच रिकर्शन एरर येईल ना?

जुना_कीबोर्ड

येईल. मूळ मर्यादाच १००० आहे. सिस मॉड्यूलमधून ती ५००० कर, ४०००पर्यंत चालेल. मोजणी झाली की तोच प्रोग्रॅम इंडेक्स पाठवून लिही आणि दोन्हींचे आकडे इथे टाक.